ड्युअल एनर्जी सीटी अँजिओ: कॉन्ट्रास्ट निम्मा केला की एओर्टा फिकट येतो, काय बदलायचं?

सीटीटेक_खान्देश

नमस्कार. मशीन ड्युअल सोर्स (दोन ट्यूब, दोन डिटेक्टर), इंजेक्टर ड्युअल हेड (एकात कॉन्ट्रास्ट, दुसऱ्यात सलाईन). ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असलेल्या वयस्क पेशंटच्या अ‍ॅब्डॉमिनल एओर्टा अँजिओसाठी कॉन्ट्रास्ट कमी करायचा आहे. नेहमीचा प्रोटोकॉल असा: ३५० चा (मिलीला ३५० मिग्रॅ आयोडीन) कॉन्ट्रास्ट ८० मिली, वेग ४ मिली/सेकंद, मागून ४० मिली सलाईन, ट्रिगर १५० एचयू (एओर्टाच्या उजेडाचा आकडा एवढा झाला की मशीन स्कॅनकडे वळते), ट्रिगरनंतर ६ सेकंद थांबून स्कॅन. यात फक्त ८० चे ४० मिली केले, बाकी सगळं तसंच. ट्यूब ८० केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज) आणि टिन फिल्टरसह १४०.

आता कधी ट्रिगर लागतच नाही, स्कॅन हाताने सुरू करावा लागतो. कधी वरचा एओर्टा ठीक पण खालच्या इलियाक धमन्यांपर्यंत जाईतो फिकट. ४० केईव्हीवर (दोन ट्यूबच्या डेटावरून बनवलेली एकाच ऊर्जेची, म्हणजे मोनोएनर्जेटिक इमेज) उजेड येतो, पण इमेज इतकी दाणेदार की रिपोर्टिंगला नको म्हणतात. ६० मिलीवर जायचं की दुसरंच काही चुकतंय?

केव्हीपी_काका

६० वर जायची गरज नाही. ४० मिली पुरतात, पण तुम्ही कापायला नको ते कापलंय. ४ मिली/सेकंदाने ८० मिली म्हणजे २० सेकंदांचा बोलस (शिरेत जाणारा कॉन्ट्रास्टचा लोट). ४० मिली म्हणजे फक्त १०. इंजेक्शन चालू असेपर्यंत धमनीतला एचयू चढत राहतो. त्यामुळे बोलस अर्धा केला की तो वर जायच्या आधीच उतरायला लागतो. शिवाय एचयू वर स्थिर राहण्याचं पठार उरत नाही, म्हणून टेबल इलियाकपर्यंत पोचेतो कॉन्ट्रास्ट निघून गेलेला असतो.

वेळ २० सेकंद तशीच ठेवा आणि दर सेकंदाला जाणारं आयोडीन निम्मं करा. सध्या ते १.४ ग्रॅम/सेकंद आहे, ते ०.७ वर आणायचं. वेग २ मिलीवर आणूनही हा आकडा मिळतो, पण हळू गेलेला बोलस हाताच्या शिरांत रेंगाळतो, पसरतो, आणि हृदय कमजोर असेल तर पोचण्याची वेळ पार बदलते. त्यापेक्षा ड्युअल फ्लो मोडमध्ये ५० टक्के कॉन्ट्रास्ट आणि ५० टक्के सलाईन एकत्र, ४ मिली/सेकंद, २० सेकंद, मागून नेहमीचं ४० मिली सलाईन त्याच वेगाने. एकूण आयोडीन २८ ऐवजी १४ ग्रॅम, टायमिंग मात्र जुनंच. फायदा म्हणजे सुपीरियर व्हेना काव्हात (छातीतली मोठी शीर) दाट कॉन्ट्रास्टमुळे येणाऱ्या रेघाही कमी होतात. छातीपासून स्कॅन असेल तर हे लगेच दिसतं.

आता ट्रिगर. मॉनिटरिंगचे स्लाइस ड्युअल एनर्जीत नसतात, साध्या १०० किंवा १२० केव्हीपीवर असतात. तिथे लो केईव्हीची मदत नाही. निम्म्या आयोडीनवर एओर्टा १५० ला पोचतो तो उशिरा, किंवा पोचतच नाही. थ्रेशोल्ड १०० एचयूवर आणा. रिकाम्या रक्ताचेच ४० च्या आसपास असतात, म्हणजे खरी वाढ ६० ची. ट्रिगर चढावर लवकर लागणार, म्हणून नंतरचा डिले ६ वरून ९-१० सेकंद करा. टेस्ट बोलस घेऊ नका. त्यात १०-१५ मिली गेले तर वाचवलं काय?

रेडिओ_मिरज

वरच्याशी सहमत. इमेजकडून थोडं.

आयोडीनची के-एज (जिथे शोषण एकदम उडी घेतं ती ऊर्जा) ३३.२ केईव्ही. तिच्या जितकं जवळ जाल तितकं आयोडीन जास्त शोषतं. ७० केईव्हीची इमेज साधारण १२० केव्हीपीसारखी दिसते. ५० वर आयोडीनचा एचयू त्याच्या जवळपास दुप्पट, ४० वर जवळपास तिप्पट. तुम्ही आयोडीन निम्मं केलंय, म्हणजे ५० केईव्ही पुरेसं आहे. ४० वर जाऊन नॉइज विकत घ्यायचं कारणच नाही. एओर्टात २५० च्या वर एचयू मिळाला की अँजिओचं काम भागतं.

दाणेदारपणा अजून एका कारणाने येतो. मोनोएनर्जेटिकचा जुना अल्गोरिदम लो केईव्हीला नॉइज फार वाढवतो. नवा, म्हणजे नावापुढे प्लस असलेला, फ्रीक्वेन्सी वेगळ्या करून नॉइज दाबतो. वर्कस्टेशनवर कोणता लागतोय ते आधी बघा. पेशंट जाड असेल तर ८० केव्हीपीच्या ट्यूबला फोटॉनच पुरत नाहीत. तिथे १०० आणि टिनसह १४० ची जोडी घ्या. दुसऱ्या डिटेक्टरचं फील्डही लहान असतं, फ्लॅश मॉडेलवर ३३ सेमी, फोर्सवर ३५. त्याबाहेर मोनोएनर्जेटिक डेटा नाही, म्हणून पेशंट मध्यभागी झोपवणं इथे नेहमीपेक्षा महत्त्वाचं.

विंडो (इमेजच्या उजेडाची रुंदी/लेव्हल) ४००/४० ठेवून ५० केईव्ही बघू नका. सगळं पांढरं होतं आणि कॅल्शियम फुगतं. रुंदी ८०० च्या पुढे, लेव्हल २५० च्या आसपास. कॅल्शियमवाल्या प्लाकचा स्टेनोसिस (धमनीचा अरुंदपणा) ५० वर जास्त वाटतो. तो आणि स्टेंट ७० किंवा त्याहून वरच्या केईव्हीवर तपासा. एचयू मोजून काही ठरवायचं असेल, उदाहरणार्थ किडनीची सिस्ट, तर आकडा ७० चाच घ्या. आपले सगळे कट-ऑफ १२० केव्हीपीवरचे आहेत.

आणि किडनीबद्दल स्पष्ट बोलायचं तर ईजीएफआर ४५-५० वाल्यांना हा प्रोटोकॉल लावण्यासाठी धडपडू नका. अमेरिकेच्या रेडिओलॉजी कॉलेज आणि किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या संयुक्त निवेदनात आयव्ही कॉन्ट्रास्टसाठी किडनी जपायला सलाईन लावण्याची शिफारस मुख्यतः ईजीएफआर ३० च्या खाली किंवा अक्यूट किडनी इंज्युरी असेल तेव्हाच आहे. वाईट स्कॅन परत करावा लागला तर कॉन्ट्रास्ट आणि रेडिएशन दोन्ही दुप्पट. पेशंट मेटफॉर्मिनवर असेल तर त्याचा निर्णय रेफर करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

सीटीटेक_खान्देश

धन्यवाद दोघांनाही. आमच्या दुसऱ्या सेंटरच्या इंजेक्टरला ड्युअल फ्लो नाही. सिरिंजमध्येच ४० अधिक ४० मिसळलं तर चालेल? आणि लिव्हरलाही हेच गणित का?

केव्हीपी_काका

चालेल, पण निर्जंतुक पद्धतीने आणि इंजेक्शनच्या अगदी आधी. ३५० चं आयोहेक्सॉल पाण्यापेक्षा बरंच जड आहे, घनता १.४ च्या आसपास. सिरिंज उभी ठेवली की कॉन्ट्रास्ट तळाशी आणि सलाईन वर असे थर बसतात, आणि मग बोलसचा पहिला भाग पातळ नाहीतर दाट जातो. कॉन्ट्रास्ट ३७ अंशांना गरम करून घ्या. २० अंशांना त्याची चिकटपणाची मात्रा ३७ च्या जवळपास दुप्पट असते आणि तो नीट मिसळत नाही. हवा काढताना सिरिंज चार-पाच वेळा उलटीसुलटी करा, लगेच लावा, लगेच द्या. भरून ठेवलेली सिरिंज पुढच्या पेशंटला नको.

लिव्हरचं गणित वेगळं. पोर्टल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट लिव्हरच्या पोर्टल शिरेत असतानाचा स्कॅन) वेगापेक्षा एकूण आयोडीन महत्त्वाचं, म्हणून हिशोब वजनावर करा. नेहमी किलोला ६०० मिग्रॅ देत असाल तर ६० किलोच्या पेशंटला ३६ ग्रॅम, म्हणजे ३५० चे १०३ मिली. ते ३०० मिग्रॅवर आणलं तर ५१ मिली. इंजेक्शनची वेळ ३० सेकंद ठेवा, वेग आपोआप १.७ निघतो. पेशंट फार जाड असेल तर एकूण वजनाऐवजी लीन बॉडी वेट धरा, चरबीत कॉन्ट्रास्ट फारसा जातच नाही. मात्र एचसीसीचा (लिव्हरचा कॅन्सर) प्रश्न असेल आणि आर्टेरियल फेज हवा असेल तर मी निम्मं करणार नाही, २५-३० टक्क्यांवर थांबेन. तिथे धमनीची चढण चुकली तर लीजनच हातचं जातं.

बीड_सीटी

आमच्याकडे ड्युअल एनर्जी नाहीच. १६ स्लाइसवर काही करता येईल?

रेडिओ_मिरज

बारीक पेशंटला येईल. ढोबळ नियम असा की १२० पासून दर १० केव्हीपी कमी केले की कॉन्ट्रास्ट १० टक्के कमी करा. १०० केव्हीपीला २० टक्के, ८० ला ४०. एमए (ट्यूबचा करंट) वाढवायला विसरू नका, नाहीतर नॉइज सगळा फायदा खाऊन टाकतो. जुन्या ट्यूबला ८० केव्हीपीवर तेवढा एमए देता येत नाही, त्यामुळे साठ-पासष्ट किलोच्या पुढे १०० वरच थांबा.

आणि ड्युअल एनर्जीवाल्यांसाठी एक राहिलं: पॅक्सला (इमेज साठवायची सिस्टिम) फक्त ५० केईव्हीची सिरीज पाठवू नका. कच्चा डेटा मशीनवरून पुसला गेला की दुसरी केईव्ही बनवता येत नाही. दोन्ही ट्यूबच्या पातळ सिरीजही पाठवा, आणि ड्युअल लेयर (एक ट्यूब, दोन थरांचा डिटेक्टर) मशीन असेल तर स्पेक्ट्रल बेस इमेज, जिच्यावरून नंतर हवी ती केईव्ही काढता येते.