गटोपचाराचे नकाशे : नेमके कुणाच्या सोयीचे?

पांझराकाठ (धुळे)

परवा इथेच 'मनाचे नकाशे' या आयडीने एक लेख टाकला. सार असं : गटोपचार (माणसांना एकत्र बसवून, बोलतं करून करायचा मानसोपचार) चालवणाऱ्या प्रत्येकाने बैठक चालू असतानाच लॅपटॉपवर गटाचा नकाशा काढावा. प्रत्येक सदस्य म्हणजे एक गोल, कोण कुणाशी बोललं तो बाण, बोलणं जास्त तर बाण जाड. दर आठवड्याचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की गट पुढे सरकतोय की नाही ते दिसतं म्हणे. आणि जाता जाता टोला : जे हे करत नाहीत ते 'अंदाजपंचे' काम करतात. तिथेच चार ओळी लिहून सोडून देणार होतो, पण तो शब्द काही पचेना, म्हणून वेगळा धागा.

तर आम्ही अंदाजपंचे मंडळी. व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे गट घेतो. हा प्रकार आमच्याकडेही झालाय. एक हौशी विद्यार्थिनी आली होती, कोपऱ्यात बसून गोल-बाण भरायची. सगळ्यात मोठा गोल कुणाचा निघावा? एका नानांचा. नाना सज्जन माणूस, पण पाऊण तास बोलले काय? कापसाला भाव नाही, व्यापारी वजनात मारतो, आणि पोरगं पितं ते संगतीमुळे. प्रत्येकाकडे वळून वळून सांगितलं, म्हणून बाणच बाण. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. नकाशात मात्र नाना गटाचे केंद्रबिंदू.

त्याच गटात साक्रीकडची एक बाई. समोर सासरच्या गावचा माणूस बसलेला, नात्याने जेठ लागतो. पदर कपाळापर्यंत, तोंड बंद. तिचा गोल कडेला, एकटा, राखाडी. आता नकाशात नसलेलं ऐका. नाना 'संगत' म्हणाले की ही बाई पायातली चप्पल काढायची आणि परत घालायची. नाना पुन्हा 'संगत' म्हणाले, चप्पल पुन्हा निघाली. शेजारची मावशी ते बघत होती. शेवटी तीच फाडकन बोलली, "भाऊ, बाहेर पाजणारे मित्र असतील, घरात बाटली कोन ठेवतं?" त्या दिवशी गट तिथून सुरू झाला. बाण गेला मावशीच्या नावावर. मावशीला बोलतं कुणी केलं, तो बाण कुठल्या रंगात काढायचा?

आणि लेखात मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव घेतलंय ते कशाला? १९३२ साली अमेरिकेत हडसनच्या मुलींच्या शाळेतून मुली पळून जायला लागल्या, तेव्हा त्यांच्यातली नाती मोरेनोने कागदावर मांडली हे खरं. पण त्याने मुलींना विचारलं होतं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल? ते बाण मुलींनी स्वतः दिलेले होते, कोपऱ्यातल्या कुणी तोंडं मोजून काढलेले नव्हते. दोन्हींत गोल आणि बाण आहेत एवढंच साम्य.

आकृतिबंध (जळगाव)

दादा, चप्पलवाल्या बाईवर टाळ्या पडतील, पण मुद्दा तिथेच राहतो. चप्पल दिसली ती तुमच्या लक्षात राहिली. जे दिसलंच नाही त्याचा हिशेब कोण देणार? बैठक संपल्यावर आपण जे 'आठवतो' ते बहुतेक वेळा आपल्याला आवडलेलं असतं.

आमच्याकडचं सांगते. कॉलेजच्या मुलांचा गट, परीक्षेची भीती, वसतिगृहातलं एकटेपण वगैरे. गट चालवणारे सर दर वेळी बाहेर पडताना म्हणायचे, "गट मस्त बांधला गेलाय." मी सहायक, नकाशा माझ्याकडे. सगळे बाण सरांकडे आणि सरांकडून. मुलांचं मुलांशी बोलणं जवळपास शून्य. गट कसला, सरांचा तास चालला होता. दाखवल्यावर सर बरेच दिवस माझ्याशी तुटक वागले. मग मात्र खुर्ची जराशी मागे घेऊन बसायला लागले, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी "बाकीच्यांना काय वाटतं?" म्हणायला लागले. पुढच्या बैठकांत मुलांमुलांत बाण दिसायला लागले. हे आठवणीच्या भरवशावर कधी कळलं असतं?

दुसरं. चप्पल नोंदवता येत नाही हे कुणी सांगितलं? बेल्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५० सालीच गटातलं वागणं टिपायला १२ रकाने केले होते, त्यात ताण दिसणं आणि हसून ताण सैल होणं हेही होतं. तुमच्या विद्यार्थिनीला फक्त तोंडं मोजायला सांगितलं, हा दोष सॉफ्टवेअरचा की सांगणाऱ्याचा? आणि गटोपचारातले जाणते मानसोपचारतज्ज्ञ यालोम तर बैठकीचा लेखी गोषवारा पुढच्या बैठकीआधी सदस्यांना टपालाने पाठवायचे. नोंद ठेवली, गटाला दाखवली, म्हणून गटाचा जीव गेला असं कुठे झालं नाही.

एक खरी अडचण आहे. बोलणं आपोआप टिपून घेणारी सॉफ्टवेअरं आपल्याकडे कुचकामी. खान्देशी माणूस चिडला किंवा रडला की अहिराणीवर येतो आणि यंत्र भलतंच लिहितं. त्यामुळे बाण हातानेच भरावे लागतात.

पांझराकाठ

सर एकटेच बोलतायत हे कळायला सॉफ्टवेअर लागलं? खोलीत कान असलेलं कुणी नव्हतं का?

आकृतिबंध

होतं की. मी होते. पण सहायक बाईने "सर, तुम्ही फार बोलता" असं म्हणून बघावं आपल्याकडे. कागद पुढे केला म्हणून ऐकून तरी घेतलं.

रावेरकर

थांबा जरा. 'खान्देशी माणूस रडला की अहिराणीवर येतो.' कुठला खान्देशी माणूस? रावेर, यावल, भुसावळ वऱ्हाडात टाकून आलात का? आमच्या घरात लेवा गणबोली बोलतात. आमची आजी मेली त्या दिवशी घरात एक शब्द अहिराणीचा निघाला नव्हता. बहिणाबाईंच्या कविता 'आमची गोड अहिराणी' म्हणून स्टेटसला लावणारे बघितले की डोक्यात जातात. बाई असोद्याच्या, बोली लेवा.

खापरमांडा (अमळनेर)

बहिणाबाई तुमच्या, घ्या. पण त्या झटापटीत अहिराणीला 'बोली' करून टाकू नका. अहिराणी भाषा शे, बोली नही. २०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' मराठीपासून वेगळी मोजली आहे, १८ लाखांच्या वर लोक, आणि त्यातले बहुतेक अहिराणी सांगणारे. शाळेत मास्तर अहिराणीवरून छड्या मारायचे, आता पोरं घरात 'शुद्ध' बोलतात आणि आजीशी बोलायचं काही उरत नाही. यावर कुणी गटोपचार घ्या आधी.

रावेरकर

१८ लाखांत आमची किती माणसं घुसडली तेवढं पण सांगा मग.

खापरमांडा

घुसडायला काय रेशनकार्ड आहे? ज्याने जी सांगितली ती लिहिली.

मिरची_नंदुरबार

तुमचं दोघांचं चालू द्या, मी मूळ विषयावर येते. धडगाव-अक्कलकुव्याकडे आयांचे गट घेतो. गट घेणारी मराठीतून विचारते, आशाताई ते पावरीत (तिकडच्या आदिवासी भाषेत) सांगते, बाया पावरीत बोलतात, आशाताई ते मराठीत आणते. आता काढा नकाशा. सगळे बाण आशाताईतून जातात, म्हणजे गटाची महाराणी आशाताई. प्रत्यक्षात ती निम्मं गाळते, कारण बोलणं तिच्याच नणंदेबद्दल असतं. बाया हसल्या की आम्ही समजायचं, काहीतरी गाळलं.

आकृतिबंध

हे भारी आहे आणि माझ्याकडे याला उत्तर नाही. पण ताई, नकाशाने निदान हे तरी दाखवलं ना, की सगळं एका माणसातून जातंय? दुसरी दुभाषी बघायला हवी एवढं तरी त्यातून निघतं.

मिरची_नंदुरबार

दुसरी कुठून आणू? तिची नणंद आणू?

खापरमांडा

भाषेचा विषय निघाला की कुणीतरी आदिवासी पट्टा मधे आणतं आणि अहिराणी बाजूला पडते. जुनी युक्ती आहे.

मिरची_नंदुरबार

मधे आणतं? आम्ही मधे आलेलो नाही भाऊ, आधीपासून इथेच आहोत. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने तुमच्या खान्देशीला भिल्ली भाषांच्या खंडात जागा दिली होती, ते एकदा उघडून बघा, मग कोण कुणाच्या मधे आलं ते ठरवू. आणि 'युक्ती' हा शब्द मागे घ्या.

खापरमांडा

ग्रियर्सन आमच्या घरी जेवायला नव्हता. शब्द मागे घेतो, मत नाही.

संपादक

वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. जातीवर गेलात तर धागा बंद होईल. भाषेसाठी वेगळा धागा काढा.

केळीबागायत (चोपडा)

मला कुणाच्या भाषेशी देणंघेणं नाही. पांझराकाठ साहेबांनी नानांची जी मजा घेतली ती खटकली. 'स्वतःबद्दल चकार शब्द नाही' म्हणे. साहेब, आमच्याकडचा शेतकरी चारचौघांत "मला रात्री झोप येत नाही, मेल्यासारखं वाटतं" असं म्हणत नाही. तो म्हणतो, भाव नाही. तेच त्याचं स्वतःबद्दलचं बोलणं. व्यापारी वजनात मारतो याचा अर्थ, मला सगळे फसवतात आणि मी काही करू शकत नाही. पाऊण तास माणूस तेच सांगत होता आणि तुम्ही त्याला टाळाटाळ म्हणालात. तुमची विद्यार्थिनी बरी, तिने गोल तरी मोठा काढला.

आणि मोजण्याबद्दल मला विचारा. केळीचा हवामानावरचा पीकविमा काढला होता. वाऱ्याने बाग आडवी झाली, खोडं मधून मोडलेली, घड मातीत. फोटो काढले, अर्ज केला. उत्तर काय? मंडळातल्या हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग बसत नाही. केंद्र कुठे, माझं शेत कुठे. यंत्राने मोजलं नाही म्हणजे वारा आलाच नाही. तेव्हा नकाशेवाल्यांनी पण फार उड्या मारू नका.

पांझराकाठ

नानांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं पटतंय, आणि ते पटलेलं मला आवडलेलं नाही. अर्धंच अशासाठी, की भावाबद्दल बोलणारा प्रत्येक जण आतलं सांगतो असं नाही. काही जण खरंच भावाबद्दल बोलतात.

मनाचे नकाशे (पुणे)

माझ्या लेखावर एवढा दंगा झालाय म्हणून लिहितो. सरसकट शब्दमोजणी मी कुठे सांगितली? मी जेफी (असे गोल-बाणांचे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर) वापरतो, त्यात जवळ आलेले गोल म्हणजे भावनिक जवळीक आणि दूर गेलेले म्हणजे दुरावा, हे दर आठवड्याला स्पष्ट दिसतं. तालुक्याच्या ठिकाणी साधनं नसतील तर समजू शकतो.

आकृतिबंध

दादा, मी तुमच्याच बाजूची आहे म्हणून सांगते, हे पुन्हा कुठे लिहू नका. जेफीत गोल कुठे जाऊन पडतो ते मांडणीचं गणित ठरवतं. तीच माहिती घेऊन मांडणी परत चालवा, गोल दुसरीकडे जातील. कोण कुणाशी जोडलंय ते बाणांवरून वाचा. पडद्यावरचं अंतर बघून 'दुरावा' वाचत असाल तर अंदाजपंचे कोण? आणि तालुक्याच्या ठिकाणी जेफी फुकटच मिळतं, पुण्यासारखंच.

पांझराकाठ

ताई, या एका प्रतिसादासाठी तुम्हाला भरीत-पुरी लागू.

वकीलीण_भुसावळ

सगळे गोल-बाण करताय, कागदाचं काय ते कुणी बोलत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची. कलम २४ सांगतं की डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तेच लागू. आणि कलम २५ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघायचा हक्क. आता नकाशा फाइलला लावलात आणि उद्या त्या जेठाने स्वतःची नोंद मागितली, तर त्या एकाच चित्रात साक्रीच्या बाईचाही गोल आहे. एकाला द्यायचा तर दुसरीचं गुपित जातं, नाही द्यायचा तर पहिल्याचा हक्क. एकट्या रुग्णाच्या नोंदीत हा पेच येत नाही, गटाच्या नकाशात हमखास येतो. यालोमच्या गोषवाऱ्याचा दाखला दिलाय वर, तो सगळ्यांना सारखा जात होता आणि सगळ्यांना आधीपासून माहीत होता. तुमच्या नानांना ठाऊक होतं का, कोपऱ्यातली मुलगी काय भरतेय ते?

पांझराकाठ

'विद्यार्थिनी शिकायला बसली आहे' एवढं सांगितलं होतं.

वकीलीण_भुसावळ

म्हणजे नव्हतं.

आकृतिबंध

आमच्याकडे मुलांना सांगून, विचारून करतो. नावं कुठेच नाहीत, अक्षरं आहेत.

मिरची_नंदुरबार

अक्षरांनी काय होतं? गावात कोण कुठे बसतं ते पोरंसोरंसुद्धा सांगतील. दाराजवळचा 'क' कोण ते ओळखायला पोलीस पाटील लागत नाही.

पांझराकाठ

बरं, माझ्याकडून एवढं घ्या आणि मला सोडा. गट घेणारा स्वतः किती तोंड चालवतो, हे त्याला दाखवायला नकाशा चालेल. जळगावच्या सरांच्या खुर्चीपुरतं मान्य. बैठक संपल्यावर, पेन्सिलने, सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम वरिष्ठांपुढे मांडायला बसताना. सदस्यांची प्रगती त्यावरून ठरवायची नाही, कुणाला 'विलग' म्हणायचं नाही, आणि काम झालं की फाडून टाकायचा.

वकीलीण_भुसावळ

फाइलला एकदा लावलात तर फाडता येणार नाही. लावायचा की नाही ते आधी ठरवा.

आकृतिबंध

म्हणजे काढणार तर! पेन्सिलने का होईना. आणि पेन्सिलने काढलेला पुढच्या आठवड्याशी ताडून बघायला कुठे ठेवणार, फाडून टाकल्यावर?

पांझराकाठ

ताडून बघायचाच नाही, हेच तर सकाळपासून सांगतोय.

आकृतिबंध

मग गट हलतोय की नाही ते कसं कळणार? चपलेवरून?

पांझराकाठ

हो. चपलेवरून.

रावेरकर

संपादक, भाषेच्या नव्या धाग्याचं नाव 'अहिराणी भाषा' असं दिसतंय. ते आधी बदला, नाहीतर मी तिथे येतोय.