कोवळ्या वयातली आई आणि तिचं घर : तुमचे अनुभव लिहा

किशोरवयात आई झालेल्या मुलीचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींभोवती फिरतं: हे झालंच कसं, आणि आता लोक काय म्हणतील. बाळ घरात आल्यावर त्या घरातल्या माणसांचं एकमेकांशी काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. मी समुपदेशनाच्या कामात आहे. अशी कुटुंबं माझ्याकडे गर्भारपणात क्वचित येतात. येतात ती बाळ काही महिन्यांचं झाल्यावर, आणि तेव्हा भांडण बहुतेक वेळा त्या मुलीचं आणि तिच्या आईचं असतं. वरवर ते बाळाच्या झोपेवरून किंवा दुधावरून असतं. मुळात ते या बाळाचे निर्णय कोण घेणार यावरून असतं.

हा प्रश्न चार घरांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या सुमारे २ कोटी १० लाख मुलींना दिवस गेले. त्यातली निम्मी गर्भारपणं न ठरवता आलेली होती, आणि सुमारे १ कोटी २० लाख बाळंतपणं झाली. या वयातला जन्मदर जगभर कमी होतो आहे, २००० साली हजार मुलींमागे ६४.५ होता तो २०२३ मध्ये ४१.३ वर आला. तरीही या मुली आणि त्यांची माणसं आपल्या आसपास आहेतच.

ज्यांनी हे घरात पाहिलं आहे त्यांनी लिहावं. नाव, गाव, शाळा असं काही लिहू नका. राग आला तर रागाने लिहा. एक विनंती मात्र आहे. जिथे मुलीवर जबरदस्ती झाली होती, तिथे नाती सांभाळण्याचा सल्ला कोणी देऊ नये. तिथे आधी तिची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

सतराव्या वर्षी आई झालेली

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला विचारून लिहिते आहे.

दिवस गेलेत हे कळेपर्यंत पाच महिने होत आले होते. पाळी माझी कधीच वेळेवर येत नसे, त्यामुळे चुकली तरी मला वेगळं वाटलं नाही. आई खूप ओरडली, रडली आणि मग कामाला लागली. बाबा ओरडले नाहीत. ते माझ्याशी बोलायचेच थांबले. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, "तिला विचार, तपासणीला कधी जायचंय." बाळ रांगायला लागेपर्यंत हे असंच चाललं. आईच्या ओरडण्यात निदान मी होते. बाबांच्या बोलण्यात मी नव्हतेच.

बाळंतपणानंतर आईने सगळं स्वतःच्या हातात घेतलं. आंघोळ, झोपवणं, दवाखाना, सगळं. सुरुवातीला मला बरंच वाटलं, कारण डोळे उघडे ठेवायचं त्राण नव्हतं. पण बाळ माझ्याकडे रडायचं आणि तिच्या खांद्यावर गेलं की शांत व्हायचं. ती म्हणायची, "दे इकडे, तुला नाही जमायचं." तिला मदतच करायची असायची, आणि मला ते दर वेळी नापास झाल्यासारखं वाटायचं. दूध पाजण्यापुरती तेवढी मला हाक यायची. मी हट्टाने उशीर करायला लागले, त्यावरून आणखी भांडणं. मैत्रिणींचा फोन आला तर "आता तू आई आहेस" आणि औषधाबद्दल काही विचारलं तर "तू गप्प बस, तुला काय कळतं". एकाच दिवसात दोन्ही ऐकायचे.

बदल झाला तो लसीकरणाला भेटणाऱ्या एका नर्सबाईंमुळे. त्या प्रत्येक प्रश्न मला विचारायच्या. आई उत्तर द्यायला लागली की त्या थांबायच्या आणि पुन्हा माझ्याकडे बघायच्या. एकदा आईला म्हणाल्या, "तुम्ही हिला सांभाळा, बाळाला ही सांभाळेल." आई घरी येईपर्यंत बोलली नाही. पण त्यानंतर रात्री बाळ रडलं की ती आधी मला उठवू लागली. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही, त्याला वर्षं गेली. बाबांचं तर अजूनही अर्धवटच आहे. नातवावर ते जीव टाकतात. माझ्याशी त्या दिवसांबद्दल एक शब्द बोललेले नाहीत.

धाकटी बहीण

ताईला बाळ झालं तेव्हा मी तेरा वर्षांची. माझा फोन गेला, क्लास बंद झाला, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं बंद झालं. माझी काय चूक, असं विचारलं तर आई म्हणायची, "एकीने दाखवलं तेवढं पुरे." घरात सगळे बाळाभोवती किंवा ताईवर चिडलेले, त्यामुळे माझ्या परीक्षा कधी झाल्या हे कोणाला कळलंही नाही. शाळेत मुली कुजबुजायच्या ते मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा ताईलाच बोलणी बसली असती.

मी तिच्याशी खूप वाईट वागत होते हे मला तेव्हाही कळत होतं. आज आमचं छान आहे. पण समुपदेशकांना माझं एक सांगणं आहे: अशा घरातल्या लहान भावंडाला एकटं बसवून एकदा तरी विचारा, तुझं कसं चाललंय. मला एखाद्या बाहेरच्या माणसाने विचारलं असतं तर मी भडाभडा बोलले असते.

लग्नानंतर वर्षभरात आई

माझं लग्न सोळाव्या वर्षी लावलं, वर्षभरात मुलगी झाली. माझ्या वेळी ना कोणी ओरडलं, ना अबोला धरला. सगळे खूश होते. पण माझं शरीर त्याच वयाचं होतं ना? रक्त कमी, शेवटी ब्लड प्रेशर वाढलं, बाळ दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलं. आईला फोन करून रडले तर म्हणाली, "सगळ्याच बायकांना होतं हे." त्या वाक्यावर मी अजून अडकलेली आहे. लग्न झालेलं होतं म्हणून माझी दया करायचं कोणाला सुचलं नाही. जगात कितीतरी ठिकाणी या वयातली बाळंतपणं लग्नातच होतात, आणि त्यांना कोणी समस्या म्हणत नाही.

प्रसूती विभागातली परिचारिका

वरच्या ताईंनी लिहिलं ते अगदी खरं आहे. वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांच्या तुलनेत वीसच्या आतल्या मातांना झटके येण्याचा, बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त असतो. त्यांची बाळं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मण्याची किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असण्याची शक्यताही जास्त. अगदी लहान मुलींमध्ये कटीचं हाड पुरतं वाढलेलं नसतं, त्यामुळे प्रसूती अडू शकते. आणि मुलगी स्वतः वाढीच्या वयात असते, म्हणजे तिला स्वतःसाठीही खायला हवं आणि बाळासाठीही.

नात्यांचं सांगायचं तर वॉर्डात मी एक गोष्ट नेहमी बघते. नातेवाईक बाळाला बघायला येतात, मुलीच्या खाटेकडे पाठ करून उभे राहतात. तिला टाके दुखत असतात, दूध उतरत नसतं, रडू येत असतं. पहिले दोनेक आठवडे रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि ओसरतं. त्यानंतरही झोप उडालेली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर ते नाटक नाही, आळस नाही. ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं, कमी वयाच्या मातांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "स्वतःच्या कर्माने रडतेय" असं म्हणून घरचे दुर्लक्ष करतात तेव्हा मला फार राग येतो.

आणखी एक. पुढचं मूल इतक्यात नको असेल तर गर्भनिरोधाचं बोलणं डिस्चार्जच्या आधी करा, मुलीला समोर बसवून. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर राहावं म्हणून प्रसूतीनंतर किमान २४ महिने दिवस राहू नयेत, असा सल्ला देतात. मुलींच्या आया हे ऐकून संतापतात, "आता परत असं काही होणारच नाही." होतं हो. कमी वजनाच्या बाळाला मुलीच्या छातीशी उघड्या अंगाने लावून ठेवायला सांगतो, ते मात्र तिलाच करू द्या. बाळाला ऊब मिळते, वजन वाढतं, आणि आई म्हणून तिचा हात बसतो.

मुलाची आई

वरती एवढ्या जणींनी लिहिलं, त्यात बाळाचा बाप कुठेच नाही. आमच्या घरचा होता. अठरा वर्षांचा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मुलाचं आयुष्य कशाला खराब करायचं, त्याला लांब शिकायला पाठवू. मी अडून बसले. आमचं बोलणं महिनोन्‌महिने बंद होतं, दिरांनी मला वेडी ठरवलं. मुलीच्या घरच्यांनी पहिल्यांदा दार लावून घेतलं, ते साहजिकच होतं. शेवटी मुलगा दर आठवड्याला जाऊन बाळाला भेटू लागला, खर्चातला वाटा देऊ लागला. त्यांनी लग्न केलं नाही आणि करावं असं मला वाटतही नाही. पण शाळा सुटली ती त्या मुलीची. माझ्या मुलाचं एक वर्षही बुडालं नाही. हे मला आजही टोचतं, आणि त्याला मी ते वेळोवेळी ऐकवते.

आजीला आई म्हणणारा

मी आजीला आई आणि आईला ताई म्हणत वाढलो. खरं कळलं ते बाराव्या वर्षी, नातेवाइकांच्या भांडणात. खोटं बोलल्याचा राग दोघींवर होता, पण काढला तो फक्त ताईवर, कारण ती जवळच्या वयाची होती. तिने मला सोडलं नव्हतं, तिला माझी आई होऊ दिलं नव्हतं, हे समजायला मला मोठं व्हावं लागलं. मुलांना लहानपणीच सांगा. पाच वर्षांच्या मुलाला "तुझी आई तुझ्या वेळी खूप लहान होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तुला वाढवलं" एवढं सहज समजतं.

मुलीची आई

सगळं वाचलं. आमच्याकडे बाळ आलं तेव्हा माझी नोकरी होती, ती मी सोडली नाही. लोकांनी नावं ठेवली. पण त्यामुळे दिवसा बाळ लेकीकडे, आणि संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन बसली की माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. तिने बाहेरून परीक्षा दिली. भांडणं भरपूर झाली, त्यात एकच नियम पाळला: बाळासमोर तिला रागवायचं नाही, आणि डॉक्टरांकडे बोलायचं ते तिनेच. ह्यांना हा नियम पाळायला फार जड गेलं. ते खोलीतून उठून जायचे.

नात आता तीन वर्षांची आहे. सध्याचा वाद मोबाइलवरून आहे. लेक म्हणते तिला अजिबात द्यायचा नाही, मी म्हणते जेवताना थोडा वेळ चालेल. लेकीचं चालतं.