मदत हवी आहे: लहान मराठी नावांसाठी हॅश फंक्शनचा वेग नेमका कसा मोजावा?

नमस्कार.

सोलापुरातील चादरी-टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी साठा आणि उधारी सांभाळणारे सॉफ्टवेअर आम्ही सी प्लस प्लसमध्ये लिहीत आहोत. ग्राहकाच्या नावावरून खाते शोधणारे हॅश टेबल त्यात आमचे स्वतःचे आहे: हॅश फंक्शन नावापासून एक आकडा (हॅश) काढते आणि त्यावरून ते खाते टेबलातील कोणत्या कप्प्यात (बकेटीत) ठेवायचे ते ठरते. बकेटांची संख्या नेहमी २ च्या घातात ठेवल्यामुळे हॅशचे फक्त खालचे बिट उपयोगात येतात. सध्या डीजेबी२ हे हॅश फंक्शन वापरतो, म्हणजे ५३८१ पासून सुरुवात करून दर वेळी ३३ ने गुणायचे आणि पुढचा बाइट मिळवायचा. त्याऐवजी एफएनव्ही-१ए, मर्मरहॅश३ किंवा एक्सएक्सएच३ यांपैकी एक निवडायचे आहे.

बदल हवा याचे कारण वेग नव्हे. साखर पेठ, मंगळवार पेठ अशा विभागांनुसार केलेल्या छोट्या टेबलांत ३२ बकेटा आहेत आणि ३३ ला ३२ ने भागल्यास बाकी १ उरते, त्यामुळे तेथे बाइटांच्या क्रमाला काही अर्थच राहत नाही, केवळ त्यांची बेरीज उरते. ‘नवरा’ आणि ‘वानर’ या शब्दांत तीच चार चिन्हे असल्यामुळे दोघे हमखास एकाच बकेटीत जातात (घरी हे सांगण्याची सोय नाही).

त्यात देवनागरीची भर आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘सोलापूर’ २१ बाइटांचे होते. पण त्या तिनांतला पहिला बाइट (१६ च्या पायात लिहिल्यास) कायम ई० असतो, दुसरा ए४ किंवा ए५ एवढाच असतो, आणि खरी माहिती तिसऱ्यात असते. काही खाती तेलुगू व कन्नड लिपीत आहेत, परंतु त्यांचाही पहिला बाइट ई० च आहे. एफएनव्ही-१ए एकेक बाइट घेऊन एक्सॉर (दोन बिट वेगळे असल्यास १, सारखे असल्यास ०) व गुणाकार करते आणि गुणाकाराचा परिणाम वरच्या बिटांकडेच सरकतो, त्यामुळे त्याचा सर्वांत खालचा बिट म्हणजे सुरुवातीच्या स्थिर आकड्याच्या आणि सर्व बाइटांच्या खालच्या बिटांचा निव्वळ एक्सॉर असतो. मर्मरहॅश३ मध्ये शेवटी बिट ढवळणारी स्वतंत्र पायरी असल्याने ही अडचण येऊ नये, असे मला वाटते.

आता मुख्य प्रश्न. जालावरच्या बहुतेक तुलनांत सेकंदाला किती गिगाबाइट हा आकडा ठळक असतो आणि तो लांब मजकुरावरचा असतो. आमची नावे साधारण २० ते ९० बाइटांची आहेत. शिवाय चाचणीत एकाच लांबीची नावे ओळीने दिली, तर प्रोसेसरला कोडातली पुढची शाखा (जर-तरमधली वाट) आधीच ओळखता येते आणि एका नावाचा हॅश पुरा होण्याआधीच दुसऱ्याचे काम सुरू होते. प्रत्यक्ष शोधात मात्र हॅश हाती आल्याशिवाय बकेटीचा पत्ताच कळत नाही. म्हणून मी मिश्र लांबीची नावे घेऊन प्रत्येक हॅशच्या उत्तरावरून पुढचे नाव निवडतो, जेणेकरून कामे एकमेकांवर चढणार नाहीत. उत्तरांची बेरीज शेवटी छापतो, नाहीतर कंपायलर निरुपयोगी ठरवून सगळा लूपच उडवून देतो.

ही पद्धत योग्य आहे का? नावांची यादी कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत) मावेल एवढी लहान ठेवावी की मुद्दाम मोठी? हॅशचा वेग वेगळा मोजावा, की संपूर्ण टेबलातील शोधाचाच वेळ ग्राह्य धरावा? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण एक टक्कर (दोन नावे एकाच बकेटीत जाणे) वाचली तर आणखी एका नावाची तुलना आणि बहुधा मेमरीची एक फेरी वाचते, आणि तिच्यापुढे हॅशमधले चार-दोन नॅनोसेकंद किरकोळ आहेत. हॅश फंक्शन तपासणाऱ्या एसएमहॅशर या चाचणीसंचात देवनागरी नावांची यादी जोडून कोणी पाहिले असल्यास तो अनुभव जरूर सांगावा.

नावे कार्यालयातच भरली जातात, बाहेरून कोणी मुद्दाम टकरा घडवण्याचा धोका नाही. त्यामुळे अशा हल्ल्यांपासून बचावासाठी असलेले सिपहॅश सुचवू नये ही विनंती. चाचणीचा कोड हवा असल्यास प्रतिसादात देतो.