‘सेरेनेड’ हायडनचं नाही म्हणे!

खर्जातला: काल सुरेलरावांनी ठणकावलं की अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याच्या नावावरच्या ओपस ३ (तिसरा रचनासंच) ची सहाही क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा चौघांच्या रचना) हॉफश्टेटर नावाच्या ख्रिस्ती साधूची, आणि अजून ‘हायडनचं सेरेनेड’ म्हणणाऱ्यांनी आधी वाचन वाढवावं. डोकंच फिरलं. १७७७ साली पॅरिसात बेयू या प्रकाशकाने ती हायडनच्या नावानेच छापली. पुढे प्लेयेलने, म्हणजे हायडनच्याच शिष्याने, समग्र संचात घेतली, तेव्हा गुरुजी हयात होते. त्यांना स्वतःचं काम ओळखू येत नव्हतं?

सुरेल: सत्तरीला टेकलेल्या माणसापुढे यादी ठेवली, त्याने मान डोलावली. याला पुरावा म्हणतात? १९६४ साली टायसन आणि लँडन या संगीत-अभ्यासकांनी दाखवून दिलं की बेयूच्या छपाईत हॉफश्टेटरचं नाव खोडून वर हायडन घातलंय. खपायचं कोण, ते उघड आहे. हायडनच्या हातची एकही प्रत नाही. हायडनची नक्कल केल्यावाचून राहवत नाही, असं हॉफश्टेटरने स्वतःच पत्रात लिहिलंय.

खर्जातला: खोडलेलं नाव पहिल्या दोन क्वार्टेटांवर आहे हो. सेरेनेड पाचव्यात. आकडे येतात ना?

मांडवीकाठ: भांडा तुम्ही. माझं दुखणं वेगळंच. सेरेनेड म्हणून चार मिनिटांचं ते अंदांते (संथ भाग) तेवढं वाजवतात, बाकीचं क्वार्टेट कुणी ऐकलंय? माझे आजोबा गोव्यात चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले. पहिल्या व्हायोलिनला म्यूट (आवाज दबवणारी चिमटी), बाकी तिघांनी बो (गज) मांडीवर ठेवून नुसत्या बोटांनी तारा छेडायच्या, यात हयगय केली की ते वाजवणं थांबवायचे. परवा एका लग्नात म्यूट गायब, चौघांना माइक आणि मागून तबला!

तालवेडा: तबल्याने काय घोडं मारलं?

मांडवीकाठ: त्या पिझिकातोचा, म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारांचा, जीव केवढासा! त्यावर डग्गा घुमवला तर उरतं काय?

तालवेडा: हळू वाजवता येतो तबला. मी वीस वर्षं साथ करतोय, मला शिकवू नका. तुमचं ते ‘शुद्ध’ ऐकायला येतात किती जण?

मांडवीकाठ: जेवणाच्या रांगेतले मोजायचे असतील तर तुम्ही जिंकलात.

सुरेल: धागा कशावर होता?

तालवेडा: साधूबाबांवर. चालू द्या.

खर्जातला: बरं, पहिली दोन घेऊन जा, सुरेलराव. आणि पाचव्याचं?

सुरेल: सहाही एकाच संचात, एकाच छापखान्यातून आली. दोन साधूची आणि चार हायडनची, हे तुम्हीच सिद्ध करा.

खर्जातला: म्हणजे पुरावा नाही. एवढंच म्हणायचं होतं.