शेरबूरची रॅली: आखणीचे, जाण्याचे, न जाण्याचे अनुभव लिहा

सोलंटकर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या सेलिंग क्लबचं पुढच्या मोसमाचं वेळापत्रक काल आलं. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारची सुट्टी धरून सगळ्या बोटींनी मिळून फ्रान्सचं शेरबूर बंदर गाठायचं! नाव वाचलं आणि काही वर्षांपूर्वी मी आखणीच्या मंडळात होते तो अख्खा हिवाळा आठवला. क्लबच्या वरच्या खोलीत टेबलभर नकाशा पसरलेला, आणि आमच्या रिअर कमोडोर, म्हणजे क्लबच्या पदाधिकारी बाई, येईल त्याला एकच विचारायच्या, "वारा पडला तर तुमची बोट इंजिनवर किती वेगाने जाते? खरं सांगा."

कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं. सोलंट ही आमच्याकडची सामुद्रधुनी, तिच्या पश्चिम तोंडाशी नीडल्सचे खडक. तिथून शेरबूर साधारण ६० सागरी मैल. ताफ्यातली सर्वात संथ बोट ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) जाणार असेल तर १२ तास, शिवाय सोलंटमधून बाहेर पडायचा वेळ वेगळा. तिला उजेडात पोचवायचं तर पहाटे ओहोटीबरोबर निघायला हवं. वेगवान बोटींनी मग सावकाश उठून चहा घेऊन निघावं, हरकत नाही. शेरबूर निवडण्याचं कारणही तेच. बंदर भरती-ओहोटीच्या कुठल्याही वेळी, रात्रीबेरात्रीही गाठता येतं. त्याच किनाऱ्यावरच्या सां-वास्त बंदरात धक्क्याचं दार भरतीच्या आगेमागेच उघडतं, उशीर झाला की बाहेर नांगर टाकून बसा.

आणखी एक. 'जायचं नाही' हे कधी ठरवायचं, ते हिवाळ्यातच लिहून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे ठरलं होतं: आदल्या संध्याकाळी अंदाज बघायचा, दक्षिणेचा वारा ब्यूफोर्ट मापाने ६ च्या वर असेल तर रॅली इंग्लंडमधल्याच पूल बंदराला. तरीही प्रत्येक बोटीचा निर्णय तिच्या स्किपरचाच, कोणी कोणाला भरीस घालायचं नाही. त्या वर्षी गेलो, आणि सुंदर गेलो.

तुमचे अनुभव लिहा. आखणी केली असेल, नुसते क्रू म्हणून गेला असाल, धक्क्यावरून हात हलवला असेल, सगळं चालेल.

उधाण_भांग

भरती-ओहोटीच्या पाण्याच्या ओढीबद्दल कोणी लिहायच्या आत लिहून टाकतो. नवीन लोक दर तासाला प्लॉटरवरची (नकाशाच्या पडद्यावरची) रेघ पकडायला जातात आणि अख्खा दिवस पाण्याशी भांडतात. इंग्लिश चॅनलमध्ये ओढ साधारण सहा तास पूर्वेला आणि सहा तास पश्चिमेला. १२ तासांच्या प्रवासात दोन्ही बऱ्यापैकी फिटतात. म्हणून सगळ्या तासांची ओढ एकत्र बेरीज-वजाबाकी करून एकच दिशा काढायची आणि तीच धरायची. बोट नकाशावर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाहवत जाते, जाऊ द्यावी. पाण्यातून कापलेलं अंतर कमीच पडतं.

मात्र शेवटचे दहा मैल डोळ्यात तेल घालून. बंदराच्या तोंडाशी ओढ जिकडून येते त्या अंगाला राहायचं. पश्चिमेला ला हागच्या टोकापाशी ओढ युरोपातल्या सर्वात जोरदार ओढींपैकी आहे, तिकडे वाहवत गेलात की परत वर चढता चढता रात्र होते. तारीख निवडायला वाव असेल तर भांगाची भरती बघा, तेव्हा ओढ कमी असते, उधाणाची नको. सुट्टीला कोष्टकाची पर्वा नसते हे खरंच, पण कमिटीला असावी.

मीनल_रेडिंग

भांगाची भरती!! माझी आजी म्हणायची हा शब्द. हर्णैची होती. कित्येक वर्षांनी वाचला 😊

उधाण_भांग

@मीनल आम्ही श्रीवर्धनचे, शेजारीच की.

पासपोर्ट_निळा

माझा पासपोर्ट भारतीय, इथे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना आहे. आमच्या क्लबच्या पत्रकात फक्त "पासपोर्टची मुदत तपासा" एवढंच होतं. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो हे आखणाऱ्यांच्या गावीही नव्हतं, त्यांचा दोष नाही, त्यांना कधी लागलाच नाही. भेटीची वेळ मिळेपर्यंत रॅली होऊन गेली. मी धक्क्यावर दोर सोडले आणि घरी आलो. फार वाईट वाटलं होतं. ज्या बोटीवर दोन वर्षं कॉकपिट घासला ती माझ्याशिवाय गेली.

तेव्हा आखणाऱ्यांना कळकळीची विनंती: जानेवारीतच क्रूच्या यादीत "कोणता पासपोर्ट" हा रकाना ठेवा. आणि व्हिसावाल्याला पहिलं पाऊल पासपोर्ट तपासणी होणाऱ्या बंदरातच टाकावं लागतं. शेरबूरला ती सोय आहे, नंतर सां-वास्त वगैरे खुशाल करा.

सोलंटकर

@पासपोर्ट_निळा वाचून पोटात तुटलं हो. रकाना आजच घालायला सांगते.

नेहा क

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. डब्यात काय नेता?? आमची पहिलीच रॅली.

अश्विनी_साउथहॅम्प्टन

@नेहा, २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पनीर नाही, दशम्यांचंही आधी विचारून घे, त्या दुधातल्या! मी तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दडपे पोहे नेते. मेतकूट-भात लाटांवर सर्वात चांगला पोटात राहतो. सुंठेच्या वड्या प्रत्येकाच्या खिशात. आणि चहा दोन थर्मास भरून, कोराच, कारण हलत्या बोटीवर गॅसपाशी उभं राहायची वेळ कोणावर येऊ नये.

येतानाही तेच. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून चीज आणायला बंदी आहे. नॉर्मंडीत जाऊन कामांबेर आणायचं नाही म्हणजे काय! तिथेच धक्क्यावर बसून खाऊन घ्यायचं. आमच्या बोटीवर परतीच्या सकाळी तेवढंच नाश्त्याला होतं.

नेहा क

दशम्याच करणार होते!! धन्यवाद ताई 🙏

डॉकयार्ड_रोड

शेरबूर म्हटलं की मला वेगळंच आठवतं. बाबा माझगाव डॉकमध्ये होते. तिथे बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचं डिझाइन फ्रेंच, आणि ती फ्रेंच कंपनी पाणबुड्या बांधते ती याच शेरबूरला. रॅलीतला मोकळा दिवस होता तेव्हा बाकीचे बाजारात गेले, मी आणि बाबा सिते द ला मेर या समुद्र-संग्रहालयात गेलो. तिथे 'ल रदुताब्ल' ही १९६७ साली पाण्यात उतरवलेली अणुपाणबुडी आहे, तिच्या आत शिरून बघता येतं. बाबा प्रत्येक वेल्डपाशी थांबत होते. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपलं कामही असंच आहे रे, कमी नाही." मुलाला आणखी काय हवं.

थळकर

@डॉकयार्ड_रोड आणि त्यातल्या एकीचं नाव खांदेरी! आमच्या समोरचं बेट. महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांशी समुद्रात लढाई झाली होती. थळहून होडी मिळते, वेताळाचं देऊळ आहे, जाऊन या.

डॉकयार्ड_रोड

@थळकर बाबांना घेऊन गेलोय. पावसाआधी परत जायचंय, कोणाची होडी असेल तर कळवा ना दादा.

रेडिओवाली

आमच्या रॅलीत माझ्याकडे हजेरीचं काम होतं. दर दोन तासांनी ठरलेल्या चॅनलवर एकेका बोटीचं नाव घ्यायचं, तिने जागा आणि "सगळे ठीक" एवढं सांगायचं. मला आधी शाळेतल्यासारखं वाटलं होतं. दुपारी धुकं उतरलं. मोठ्या जहाजांची रांग ओलांडत होतो, एआयएसवर (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या पडद्यावर) त्रिकोणच त्रिकोण. वरच्या पट्ट्यात पश्चिमेला जाणारी, खाली गेलो की पूर्वेला जाणारी. आणि हजेरीत एक बोट बोलेना. तीनदा हाक मारली.

तेव्हा कळलं की आखणीतला तो कंटाळवाणा तक्ता कशासाठी होता. प्रत्येक बोटीचं नाव, रंग, शिडावरचा नंबर, माणसं किती, जीवरक्षक तराफा आहे का, आणि शेजारची बोट कोण. शेजारच्या बोटीला हाक मारली, तिने सांगितलं, "डावीकडे आहेत, मैलभरावर, रडारवर दिसताहेत." त्यांच्या डोलकाठीवरच्या अँटेनाची जोडणी सैल झाली होती, ऐकू येत होतं पण बोलणं पोचत नव्हतं. हातातला छोटा रेडिओ बाहेर काढून ते शेजाऱ्याशी बोलले. तरी त्या दहा मिनिटांत माझे हात गार पडले होते.

किनाऱ्यावरही एक माणूस हवा. आमच्याकडे क्लबचे जुने सभासद काका घरी तोच तक्ता घेऊन बसले होते. अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षकांना फोन करायचा, असं लिहून दिलेलं. रात्री सगळे पोचल्याचा निरोप गेला तेव्हाच ते झोपायला गेले. अशा माणसाचे आभार जेवणाच्या वेळी भाषणात मानायला विसरू नका, लोक विसरतात.

सोलंटकर

@रेडिओवाली हे आमच्या मंडळाला वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

रेडिओवाली

चालेल की. घड्याळाचंही सांगा. फ्रान्स एक तास पुढे. भरतीचं कोष्टक कुठल्या वेळेत छापलंय ते प्रत्येक पानावर पेनाने लिहा.

गोवेकर_बोटीवर

मी शेरबूरला गेलो नाही, पण फ्रान्समधलं ले साब्ल-दोलोन बंदर पाहिलंय. २०१८ ची गोल्डन ग्लोब, म्हणजे एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेची शर्यत, तिथून सुटली. अभिलाष टॉमींची 'तुरीया' गोव्यात बांधलेली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनांच्या 'सुहेली'ची प्रतिकृती, आणि मूळ सुहेली बांधलेली मुंबईत. परक्या धक्क्यावर आपल्या सुतारांच्या हातची बोट, ऊर भरून आला. विषय सोडून झालं, पण राहवलं नाही.

मीनल_रेडिंग

विषय सोडून नाही हो, लिहा अजून.

अश्विनी_साउथहॅम्प्टन

जेवणाचं आरक्षण करणाऱ्यांनो: शाकाहारी किती ते आधीच कळवा. तिथल्या कुट्टूच्या पिठाच्या गालेतमध्ये (घावनासारखा प्रकार) अळंबी-चीज घालून देतात, पण चाळीस माणसं एकदम आली की हॅम घातलेलेच पुढे येतात.

नेहा क

कागदपत्रांची यादी कोणी देईल का? नवरा म्हणतोय बोटीचेपण पासपोर्टसारखे कागद लागतात

उधाण_भांग

@नेहा नोंदणीचा मूळ कागद, विमा, व्हॅट भरल्याचा पुरावा, रेडिओचा परवाना, स्किपरचं आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र). ब्रिटन सोडण्याआधी २४ ते २ तासांच्या दरम्यान ऑनलाइन कळवावं लागतं, परतीलाही तसंच. बंदराला आगाऊ ईमेल. उजव्या बाजूला फ्रेंच झेंडा, आणि परतताना १२ मैलांच्या आत आलात की पिवळा बावटा. नोंदणीची झेरॉक्स चालत नाही म्हणतात, मूळच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत.

नेहा क

मिळाली यादी, प्रिंट काढते. अश्विनीताई, मेतकूट घरी करता की विकतचं?

अश्विनी_साउथहॅम्प्टन

घरीच गं. व्यनि करते प्रमाण.