पानाचा तुकडा सर्व्हरनेच बनवून द्यावा : रेल्समधल्या एजॅक्सबद्दल

खामल्याचा_रुबीकर

काल नोकरीच्या धाग्यावर पारसोडीच्या एका मुलानं लिहिलं : "पानाचा तुकडा सर्व्हरवरून एचटीएमएलमध्ये मागवणं हे जुनाट काम आहे. रुबीनं फक्त जेसन द्यावं, पडदा रिअ‍ॅक्ट सांभाळेल. टर्बो-बिर्बो शिकण्यात वेळ घालवू नका." खाली कॉलेजातल्या पोरापोरींनी धन्यवाद म्हटलं, ते पाहून राहवलं नाही. नवख्यांसाठी : रुबी ही भाषा, रेल्स ही तिच्यातली वेब अ‍ॅप बनवायची चौकट. जेसन म्हणजे नुसता डेटा. रिअ‍ॅक्ट ही ब्राउझरमध्ये पडदा रंगवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी. टर्बो म्हणजे सर्व्हरनं बनवलेला एचटीएमएलचा तुकडा पानात बसवणारं रेल्ससोबतचं साधन. एजॅक्स म्हणजे पान न बदलता सर्व्हरला विचारणं.

नागपूरच्या कळमन्यात संत्र्याचा व्यापार करणाऱ्या काही अडत्यांसाठी मी एक रेल्स अ‍ॅप सांभाळतो. आवक, वजन, भाव, शेतकऱ्याची हिशोबपट्टी. पट्टीत एक ओळ वाढली की हमाली-तोलाई बदलते, खालची बेरीज बदलते, वरचा दिवसाचा आकडा बदलतो. हा सगळा हिशोब रुबीत एकाच ठिकाणी आहे आणि त्याच्या टेस्ट आहेत. पान पहिल्यांदा उघडताना जो पार्शल (पानाच्या एका तुकड्याचा साचा) ती ओळ रंगवतो, तोच पार्शल नवी ओळ आल्यावर पुन्हा चालतो. सर्व्हर टर्बो स्ट्रीममध्ये एवढंच सांगतो : ही ओळ यादीच्या शेवटी जोड, तो बेरजेचा डबा बदल. ब्राउझर तेवढंच करतो.

इथं जेसन पाठवलं असतं तर लाखाचा स्वल्पविराम कुठे येतो, तारीख मराठीत कशी दिसते, "रद्द करा" बटण मुनीमजीला दिसावं की फक्त मालकाला, हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्यांदा लिहावं लागलं असतं. दोन ठिकाणी लिहिलेला हिशोब कधी ना कधी दोन उत्तरं देतो. आणि शेतकरी समोर उभा असतो तेव्हा दोन उत्तरं चालत नाहीत.

राहिलं "जुनाट". एजॅक्स हे नाव २००५ चं, जेसी जेम्स गॅरेट यांनी दिलेलं. त्याखालची एक्सएमएलएचटीटीपी रिक्वेस्टची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत आली. तुमचं रिअ‍ॅक्टही डेटा आणताना पान न बदलता सर्व्हरला विचारतं, म्हणजे कल्पना तीच. फरक फक्त परत काय येतं याचा. मग वयाचा मुद्दा कुठून आला?

पारसोडी_फ्रंटएंड

दादा, तो मुलगा मीच. लांब लिहिलंत, पण तुमचं अ‍ॅप तुम्ही एकटे सांभाळता हे लिहायचं विसरलात.

मला नोकरीत जे रेल्स अ‍ॅप हातात मिळालं, त्यात एका क्लिकवर पानाच्या चार कोपऱ्यांत बदल व्हायचे. कोणता डबा कोण बदलून राहिलं हे शोधायला सगळ्या जेएस ईआरबी फाइल (ज्यांतून सर्व्हर जावास्क्रिप्ट बनवून पाठवतो) उघडायच्या. कोणीतरी पार्शलमधला एक आयडी बदलला आणि वरचा आकडा बदलायचा थांबला. एरर नाही, लॉग नाही, टेस्ट हिरव्या. ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं. रिअ‍ॅक्टमध्ये आकडा एका स्टेटमधून, म्हणजे एकाच जागी ठेवलेल्या डेटातून येतो, तो बदलला की जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे पडदा बदलतो. आयडी जुळवत बसावं लागत नाही. याला मी प्रगती म्हणतो.

आणि धन्यवाद म्हणणाऱ्या पोरांवर राग काढू नका. त्यांना नोकरी हवी आहे, रुबीचा इतिहास नको.

प्रोटोटाइपच्या_काळातला

दोघांचंही वाचलं. माझं दुखणं वेगळं आहे.

लिंक टू रिमोट, म्हणजे रेल्समधली एजॅक्स लिंकची जुनी सोय, लिहिणाऱ्यांतला मी. रेल्स १.१ ला, २००६ मध्ये, आरजेएस आलं : रुबीत लिहा, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट होऊन चालेल. छान वाटलं. २०१० ला रेल्स ३ म्हणालं, आता डेटा-रिमोट लावा. ३.१ मध्ये प्रोटोटाइप ही जावास्क्रिप्ट लायब्ररी जाऊन जेक्वेरी ही दुसरी आली. २०१३ ला टर्बोलिंक्स (पान पूर्ण लोड न करता मजकूर बदलणारं), म्हणजे जेक्वेरीचं डॉक्युमेंट रेडी (पान तयार झाल्यावर चालणारा कोड) पहिल्या पानानंतर चालेना. ५.१ मध्ये जेक्वेरी काढलं आणि फॉर्म विथ आलं, ज्यात फॉर्म आपोआप रिमोट, म्हणजे एजॅक्सनं जाणारा. ६.१ मध्ये तोच आपोआप रिमोट बंद. रेल्स ६ ला वेबपॅकर (जावास्क्रिप्टची बांधाबांध करणारं साधन) शिका, ७ ला वेबपॅकर विसरा, हॉटवायर (टर्बो त्यातलाच) शिका.

दर खेपेला सांगतात, आता हेच खरं. माझ्या हाताखालची मुलं विचारतात, सर, पुढच्या वेळी काय? मला उत्तर देता येत नाही. खामल्याच्या भाऊंचं तत्त्व पटतं, पण ते तत्त्व धरून राहायला या लोकांनी किती वेळा घर बदलायला लावलं, हेही मांडा.

खामल्याचा_रुबीकर

सर, घर बदललं हे खरं, त्याचा त्रास मीही सोसला आहे. पण तुमच्या यादीतच पहा : आरजेएस आणि जेएस ईआरबीमध्ये सर्व्हर जावास्क्रिप्ट पाठवत होता. एक अवतरण चिन्ह सुटलं की अख्खी स्क्रिप्ट मरायची आणि पानावर काहीच दिसायचं नाही. टर्बोमध्ये सर्व्हर एचटीएमएल पाठवतो, सोबत काय करायचं ते ठरावीक शब्दांत : जोड, आधी घाल, बदल, काढ. पारसोडीच्या मित्राला जे भोगावं लागलं ते जुन्या पद्धतीचं आहे आणि तो शिक्षा नव्या पद्धतीला देऊन राहिला.

पारसोडी_फ्रंटएंड

आयडी चुकला तर टर्बो स्ट्रीम तरी कुठे ओरडतो? लक्ष्य सापडलं नाही की गुपचूप सोडून देतो. हो की नाही एवढंच सांगा.

खामल्याचा_रुबीकर

हो, स्ट्रीम गुपचूप सोडतो. टर्बो फ्रेम (पानातला स्वतंत्र बदलणारा डबा) मात्र सोडत नाही, उत्तरात जुळणारी फ्रेम नसेल तर "कंटेंट मिसिंग" असं पानावरच लिहून येतं. आयडी हातानं लिहू नका, नोंदीवरून आयडी बनवून देणारा डॉम आयडी हेल्पर वापरा आणि पानभराची सिस्टम टेस्ट ठेवा.

अर्धविराम

तुमचं भांडण चालू द्या, पण पानाचे तुकडे बदलणाऱ्या सगळ्यांना, रुबीवाले असोत की रिअ‍ॅक्टवाले, मला एक विचारायचं आहे. तुम्ही कधी स्वतःच्या शोधखिडकीत मराठी टाइप करून पाहिलंय का?

मी एका पतसंस्थेत खातेदारांच्या नोंदी बघते. प्रत्येक अक्षराला यादी बदलणारा शोध आम्हाला कौतुकानं बसवून दिला. मी फोनेटिक कीबोर्डवर नाव लिहिते. अक्षर अजून जुळत असतं, तोच यादी बदलते, खिडकी नव्यानं रंगते, कर्सर उडतो आणि अर्धवट अक्षर तसंच राहतं. समोर खातेदार उभा. शेवटी मी नाव वहीत बघून खाते क्रमांक टाकते. पान पूर्ण लोड होणारा जुना शोध यापेक्षा बरा होता, हे मी मनापासून सांगते.

सदरचा_टेस्टर

ताई, हे अगदी खरं आहे. फोनेटिक कीबोर्ड आणि फोनवरचे कीबोर्ड अक्षर जुळवत असतात तेव्हा ब्राउझर कॉम्पोझिशन स्टार्ट आणि कॉम्पोझिशन एंड असे इव्हेंट देतो. मधल्या वेळात शोध पाठवायचा नसतो, इव्हेंटवर इज कॉम्पोझिंग पाहून थांबायचं असतं. बहुतेक जण की-अप (बटण सोडल्याचा इव्हेंट) ऐकतात आणि मोकळे होतात. अँड्रॉइडवर तर की-कोड बहुतेक वेळा २२९ च येतो, कोणतं बटण दाबलं ते कळतच नाही.

इनस्क्रिप्टवाल्यांचं वेगळं. विंडोजवर इनस्क्रिप्ट थेट अक्षर टाकतो, तिथे सहसा कॉम्पोझिशन होत नाही. त्यामुळे ज्याने स्वतः इनस्क्रिप्टवर तपासलं त्याला ताईंची अडचण कधी दिसणार नाही.

खामल्याचा_रुबीकर

ताई, यात उपाय सोपा आहे आणि तो नीट केला पाहिजे. शोधाची खिडकी फ्रेमच्या बाहेर ठेवायची, फक्त निकालांची यादी फ्रेमच्या आत. फॉर्मवर डेटा टर्बो फ्रेममध्ये त्या यादीच्या फ्रेमचा आयडी द्यायचा. मग खिडकी पुन्हा रंगतच नाही, कर्सर जागीच राहतो. टाइप थांबल्यावर ३०० मिलिसेकंद वाट पाहून मगच फॉर्म पाठवायचा, त्यासाठी स्टिम्युलसचा (हॉटवायरमधली छोटी जावास्क्रिप्ट चौकट) लहानसा कंट्रोलर पुरतो.

पारसोडी_फ्रंटएंड

रिअ‍ॅक्टमध्ये खिडकी तिथेच राहते, ही अडचण येतच नाही.

अर्धविराम

भाऊ, आमचा तो शोध रिअ‍ॅक्टमध्येच आहे.

पारसोडी_फ्रंटएंड

मग लिहिणाऱ्यानं 'की' (key, रिअ‍ॅक्टला घटक ओळखायची खूण) चुकीची दिली असेल, दर वेळी कॉम्पोनंट (पडद्याचा घटक) नव्यानं माउंट होत असेल. त्याचा दोष रिअ‍ॅक्टला नाही.

खामल्याचा_रुबीकर

वा. तुझ्याकडे बिघडलं तर लिहिणाऱ्याचा दोष, आमच्याकडे बिघडलं तर एजॅक्स जुनाट. असा न्याय नको करू बावा.

पारसोडी_फ्रंटएंड

मला बावा म्हणू नका. मी तुमच्या हाताखाली काम करत नाही. मुद्द्यावर बोला.

प्रोटोटाइपच्या_काळातला

दोघंही आवरा. ताईंचा मुद्दा तुम्हा दोघांच्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे. फोकस उडणं हे आंधळ्या वापरकर्त्यांनाही नडतं. स्क्रीन रीडरला पानाचा तुकडा बदलला हे आपोआप कळत नाही, निकालाच्या डब्याला एरिया-लाइव्ह (aria-live, बदल वाचून दाखवायला सांगणारी खूण) लावावं लागतं. पान पूर्ण लोड व्हायचं तेव्हा हे फुकट मिळत होतं. आपण ते काढून घेतलं आणि परत द्यायचं विसरलो.

उमरेड_रोड

मराठी शोधाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. आमच्या अ‍ॅपमध्ये गावाची यादी अशीच तुकड्यानं बदलते. कऱ्हांडला टाइप केलं की रिकामी. गाव डेटाबेसमध्ये आहे, डोळ्यांना दिसून राहिलं, पण शोधात नाही. वरिष्ठ म्हणत होते कॅश साफ करा, टर्बोचा दोष आहे, वगैरे.

टर्बोचा काही संबंध नव्हता. तो ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर). पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या नोंदी एका कीबोर्डच्या, नव्या दुसऱ्या.

सदरचा_टेस्टर

रुबीत युनिकोड नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी मेथड) आहे, २.२ पासून.

उमरेड_रोड

तेही करून पाहिलं. नॉर्मलाइझ केल्यानं र आणि खाली नुक्ता असलेलं रूप ऱ होतं, ते ठीक. पण झेडडब्ल्यूजेवालं रूप तसंच राहतं, कारण युनिकोडच्या नियमानं ते वेगळंच आहे. ते जीसबनं (मजकुरातली अक्षरं बदलणारी रुबीची मेथड) स्वतः बदलावं लागतं, साठवतानाही आणि शोधतानाही. दुसऱ्या, कऱ्हाड, गोऱ्हे, वऱ्हाड, सगळीकडे हेच. वऱ्हाड शोधात सापडत नाही आणि आपण वऱ्हाडाच्या शेजारी बसून रिअ‍ॅक्ट की टर्बो करून राहिलो!

अर्धविराम

आमच्याकडे एका खातेदाराची दोन खाती निघाली होती, नाव सापडलं नाही म्हणून दुसरं उघडलेलं. कारण आज कळलं. उद्याच ज्यांनी हे बसवलं त्यांना कळवते.

बुटीबोरी_नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. रेल्स ७ शिकून राहिलो. फॉर्म चुकीचा भरून सबमिट केला तर काहीच होत नाही. चुकांचा लाल डबा येत नाही, पान तसंच. क्लासमधले सर म्हणाले रेल्स सोड.

खामल्याचा_रुबीकर

सोडू नकोस. चुका झाल्यावर रेंडर न्यू करतोस तिथे ४२२ स्टेटस (भरलेलं चुकलं, असं सांगणारा एचटीटीपी कोड) दे. टर्बो २०० (सगळं ठीक) आलेलं फॉर्मचं उत्तर दाखवत नाही, कन्सोलमध्ये तशी एरर दिसेल. डिलीटनंतरच्या रीडायरेक्टला (दुसऱ्या पानावर पाठवताना) ३०३ दे. आणि जुन्या शिकवणीतलं मेथड डिलीट आता लिंकवर चालत नाही, डेटा टर्बो मेथड लाव किंवा बटण टू वापर.

पारसोडी_फ्रंटएंड

हे बघा. चूक दाखवायला ४२२ लागतो हे नवशिक्याला कसं कळावं? हा माझा खरा आक्षेप आहे. वरून सोपं दिसतं, आत न सांगितलेले नियम भरलेले. क्लासचे सर उगाच नाही सोड म्हणाले.

खामल्याचा_रुबीकर

चूक झाली तर चूक झाल्याचा स्टेटस द्यावा, हा एचटीटीपीचा नियम आहे, टर्बोनं तो पाळायला लावला. इतकी वर्षं आपण चुकीच्या फॉर्मला २०० देत होतो हेच वावगं होतं. पण स्वच्छ लिहिलेलं नवशिक्याच्या हाती पडत नाही, जुन्या शिकवण्याच पडतात, हे तुझं मान्य.

प्रोटोटाइपच्या_काळातला

आणि त्या जुन्या शिकवण्या का उरतात? मी वर लिहिलेल्या यादीमुळे. कोणी उत्तर दिलं नाही त्याला.

बुटीबोरी_नवशिका

४२२ दिला, चाललं. पण रेल्सच्या जागा नागपुरात आहेत का? की पुण्यालाच जावं लागेल?

पारसोडी_फ्रंटएंड

आयटी पार्कात रिअ‍ॅक्टच्या जाहिराती मला जास्त दिसतात. म्हणून मी पोरांना तसं सांगतो, आणि यापुढेही सांगणार.

खामल्याचा_रुबीकर

नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट शिकावं, याला माझा विरोध कधीच नव्हता. "रुबीनं फक्त जेसन द्यावं" याला होता आणि आहे.

पारसोडी_फ्रंटएंड

ठीक. याद्या आणि फॉर्म एवढंच असेल तर तुकडा सर्व्हरवरून आणलेला चालेल, इतकं मानतो. त्यापुढे नाही. आमच्या एका ग्राहकाची माणसं भिवापूरकडे वजन घेतात, तिथे नेट जातं आणि नोंद फोनमध्येच थांबवावी लागते. सर्व्हरनं बनवलेला तुकडा तिथे येणारच कुठून?

खामल्याचा_रुबीकर

येणार नाही. तिथे फोनमध्ये साठवणारं जावास्क्रिप्टच लागेल, रिअ‍ॅक्टमध्ये लिही. पण नेट आल्यावर वजन सर्व्हरला गेलं की पट्टीची बेरीज रुबीलाच करू दे, फोनवर दुसरी बेरीज लिहू नको.

पारसोडी_फ्रंटएंड

शेतकऱ्याला आकडा तिथेच, काट्यापाशी हवा असतो. थांबा म्हणून कसं सांगायचं त्याला?

उमरेड_रोड

याच्यासाठी वेगळा धागा काढा. काट्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळला नाही तर काय होतं ते मी पाहिलंय, तिथे लिहितो.