मत्तय 25:46 : ‘सार्वकालिक शिक्षा’ नाशवादी कशी वाचतात?

पानगळ
नव्या करारातल्या मत्तय 25:46 मध्ये ‘सार्वकालिक’ शिक्षा आणि ‘सार्वकालिक’ जीवन एकाच वाक्यात येतात. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे ‘आयोनिओस’ हाच शब्द. जीवन न संपणारे तर शिक्षाही न संपणारी, हा चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मग अविश्वासणाऱ्यांचा शेवटी नाश होतो (नाशवाद), किंवा शेवटी सगळेच तारले जातात, असे मानणारे ख्रिस्ती या वचनाचे काय करतात? आणि ज्यांच्या कानावर येशूचे नावच पडले नाही, त्यांनाही यातच धरायचे का?

दोन_ओळी
वचनावर जाण्याआधी शब्द सुटे करून घ्या, निम्मी भांडणे तिथेच मिटतात. हिब्रू ‘शेओल’ आणि ग्रीक ‘हेडीस’ म्हणजे अधोलोक, मेलेल्यांची जागा. जुन्या करारात तिथे कुलपिता याकोबही जाणार असतो. ‘गेहेन्ना’ म्हणजे नरक. हा शब्द नव्या करारात 12 वेळा येतो, त्यातला याकोबाच्या पत्रातला (3:6) सोडला तर बाकी सगळे येशूच्या तोंडी. लूक 16 मधला श्रीमंत मनुष्य यातना भोगतो तो अधोलोकात, म्हणजे न्यायाच्या दिवसाआधी. अंतिम शिक्षेचा पुरावा म्हणून तो उतारा सरळ वापरता येत नाही.

अजून एक. गेहेन्ना हे यरुशलेमेबाहेरचे हिन्नोमचे खोरे, हे खरे. पण तिथे सतत जळणारा कचराडेपो होता, हे प्रवचनांतले आवडते वाक्य जपून वापरा. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख 1200 च्या आसपासच्या दाविद किम्ही या रब्बीचा. बायबलमध्ये त्या खोऱ्याची कुप्रसिद्धी आहे ती मुले अग्नीत बळी देण्यामुळे (2 राजे 23:10, यिर्मया 7:31).

तळटीप
नाशवाद्यांचा जोर ‘आयोनिओस’वर नाहीच, ‘शिक्षा’ या नामावर आहे. इब्री 9:12 मध्ये ख्रिस्ताने मिळवलेल्या सुटकेलाही हेच विशेषण आहे. सोडवण्याची क्रिया एकदाच झाली, तिचे फळ कायमचे. तशीच शिक्षा म्हणजे मरण, आणि ते मरण कायमचे. वाक्यात जीवनासमोर मरण उभे राहिले की ऑगस्टिनचा तोल बिघडत नाही. जोडीला मत्तय 10:28 (आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश), 2 थेस्सलनीकाकरांस 1:9 आणि यहूदा 7. सदोमाला ‘सार्वकालिक अग्नी’ लागला, पण सदोम आजही जळत नाही.

अडचण येते प्रकटीकरणात. 20:10 मध्ये अग्नीच्या सरोवरात सैतानाची पीडा युगानुयुग आहे आणि 20:15 मध्ये माणसे त्याच सरोवरात. त्यावर नाशवादी 20:14 दाखवतात. मरण आणि अधोलोकही त्यात टाकले जातात, त्यांना यातना कसल्या होणार? हे चांगले उत्तर आहे. 14:11 ला मात्र ते कमी पडतात. युगानुयुग वर चढणारा धूर यशया 34:10 मधल्या एदोमाच्या धुरासारखा म्हणता येतो, पण ‘रात्रंदिवस विश्रांती नाही’ला ओढूनताणूनच बसवावे लागते.

पानगळ
आणि सगळे तारले जातात म्हणणारे?

तळटीप
ते शिक्षेसाठीच्या ‘कोलासिस’ या ग्रीक शब्दावर जातात. अॅरिस्टॉटलने सुधारण्यासाठीची शिक्षा आणि सूड असा भेद केला होता, त्यातला पहिला शब्द हाच. पण हा आधार कच्चा आहे. 2 मक्काबी (कॅथॉलिक बायबलमधले पुस्तक) 4:38 मध्ये एका खुन्याला ठार मारतात, त्यालाही ‘कोलासिस’च म्हटले आहे. त्यात सुधारणा कुठली! त्यांचा खरा आधार पौल : 1 करिंथकरांस 15:22-28, कलस्सैकरांस 1:20. तिसऱ्या शतकातला विचारवंत ओरिगेन याच्या नावावरची, सगळे तारले जातात ही शिकवण सहाव्या शतकात निषिद्ध ठरली हे सांगतात, पण तशीच आशा मांडणारा चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी संत म्हणूनच मानला जातो, हे सांगायचे राहते.

उंबरठा
ज्यांनी ऐकलेच नाही त्यांचा प्रश्न वेगळ्या खात्यात ठेवा. शिक्षा कशी आणि शिक्षा कोणाला, हे दोन प्रश्न. कॅथॉलिक चर्च नरक सार्वकालिक मानते, तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्शियुम’ (1964) या दस्तऐवजाच्या 16 व्या परिच्छेदात म्हणते की स्वतःच्या दोषाविना सुवार्ता न कळलेले, पण मनापासून देवाला शोधणारे आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागणारे तारण मिळवू शकतात. ‘मिळवू शकतात’, ‘मिळवतातच’ नव्हे. उलट बाजू प्रेषितांची कृत्ये 4:12 आणि रोमकरांस 10:14 धरते : ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार? मधला दुवा लूक 12:47-48. धन्याची इच्छा माहीत नसलेल्या दासाला फटके थोडे, पण फटके आहेतच.

पानगळ
कॅथॉलिक शिकवणीतली पर्गेटरी म्हणजे मेल्यानंतरची दुसरी संधी का?

उंबरठा
नाही. ती देवाच्या कृपेत मेलेल्यांच्या शुद्धीसाठी, तिथून नरकात कोणी जात नाही. दुसऱ्या संधीवाले 1 पेत्र 3:19 मधल्या ‘तुरुंगातल्या आत्म्यां’कडे जातात. पुढचेच वचन मात्र त्या आत्म्यांना नोहाच्या काळाशी बांधते, त्यामुळे सगळ्या मृतांना तो नियम लावायचा तर पेत्राने न लिहिलेले बरेच काही आपल्याला भरावे लागते.